बंदर चुकणारच असं धरून चला: नॉर्वे, आइसलँड-ग्रीनलँड की स्वालबार्ड?

मे महिना सरत आला की मालवणच्या धक्क्यावर एक ठरलेला प्रसंग घडतो. कोल्हापूर-सांगलीकडून पहाटे निघालेलं कुटुंब, पोरांच्या डोक्यावर नव्याकोऱ्या टोप्या, समोर सिंधुदुर्ग किल्ला अगदी हाताच्या अंतरावर, आणि होड्या बंद. "अहो, समुद्र तर शांत दिसतोय!" बाप म्हणतो. होडीवाला दोर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणतो, "हयसून दिसता शांत."

त्या बापाचा चेहरा पुढे एकदा माझाच झाला होता. ऑगस्टचा दुसरा आठवडा, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, काकोर्तोक नावाचं गाव. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही; नांगर टाकून उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरमधून, किनाऱ्यावर जातात. छातीवर १४ नंबरचा स्टिकर लावून मी दीड तास जहाजाच्या नाट्यगृहात बसलो होतो. बाहेर धुकं इतकं दाट की रेलिंगपलीकडे काही नाही. नांगरावरचं मोठं जहाज धुक्यात दर मिनिटाला पुढच्या टोकाला घंटा वाजवतं आणि लगेच मागच्या टोकाला थाळी. देवळातल्या आरतीच्या अगदी सुरुवातीसारखं वाटत होतं, फक्त आरती काही पुढे सरकत नव्हती. मग कप्तानाचा आवाज आला: बंदर रद्द. संध्याकाळी केबिनच्या दाराला एक कागद लावलेला, त्यावर खात्यात जमा झालेला बंदराचा कर. ती रक्कम वाचून मला हसू आलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे देवगडचे आमचे भाऊकाका आणि काकू. कलमांचा धंदा मुलाच्या हातात दिलाय, गुडघे अजून चालतायत (काकूंचा एक सोडून), आणि एकदा वर, अगदी वर, उत्तरेच्या समुद्रात जहाजानं जाऊन यायचं ठरलंय. काकांनी तीन-चार क्रूझ कंपन्यांची रंगीत पत्रकं माझ्यापुढे टाकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बंदर चुकला तर पैशे परत गावतले?" बहुतेक माणसं हा प्रश्न परत आल्यावर विचारतात. म्हणून काकांसाठी जे लिहून काढलं, तेच इथे जरा सविस्तर.

पत्रकावरची बंदरांची यादी आधी बाजूला ठेवा. जहाज किनाऱ्याला कसं लागणार, हे प्रत्येक बंदरापुढे लिहून काढा: धक्का की टेंडर. उत्तरेच्या सफरीचं निम्मं भविष्य या एका शब्दात असतं. आमच्या आजीच्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं असं करत गोव्याकडे जायची. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावात उतरायचं. पावसाळ्यात आगबोटच बंद. पडाव आगबोटीच्या पोटाला घासत वर-खाली होताना मूल हातातून हातात द्यायचं, हे ज्यांनी केलं त्यांना लाट दीड मीटरची आहे की अडीच, यातला फरक हवामान खात्यानं सांगायची गरज नव्हती. टेंडरचंही तेच आहे. जहाज स्थिर, टेंडर नाचतंय आणि मधल्या फटीत कुणाचा तरी पाय. उभ्या जहाजाला न जाणवणारी लाटही टेंडर बंद करू शकते.

धक्का असला म्हणजे सुटलो असंही नाही. तिथे शत्रू वारा. आजचं मोठं क्रूझ म्हणजे तीनशे मीटर लांबीची, दहा-बारा मजल्यांची उभी भिंत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्या भिंतीवरचा जोर चौपट होतो. जहाज वाऱ्यावर गेलं तर काय होतं हे रत्नागिरीकरांनी घरबसल्या पाहिलंय: ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, 'बसरा स्टार' मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसलं आणि पुढचे कितीतरी पावसाळे तिथेच गंजत राहिलं. ते तसं लहानच जहाज. अरुंद तोंडाच्या बंदरात वाऱ्याच्या झोताबरोबर तीन हजार माणसं घेऊन शिरायचं की नाही, हा निर्णय कप्तानाचा. 'सोलास' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात सरळ लिहिलंय की सुरक्षेसाठी कप्तानाला जे योग्य वाटेल ते करण्यापासून मालकानं किंवा कंपनीनं त्याला अडवायचं नाही. त्याच्याशी हुज्जत घालायला स्वागतकक्षावर रांग लागते, ती मी पाहिली आहे. रांगेत मी नव्हतो. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला न निघणारा कप्तान आवडतो.

उत्तरेत आणखी दोन गोष्टी आहेत ज्यांची आपल्याला सवय नाही, धुकं आणि बर्फ. उन्हाळ्यात उबदार, दमट हवा थंड पाण्यावर आली की समुद्रावर धुकं बसतं. म्हणजे बाकी सगळं छान असताना, वारा पडलेला असताना. बर्फाचं पुढे बघू.

आता एकेक मार्ग घेतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे नाहीत.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरची टपालबोट मला सर्वांत आवडते, हे आधीच कबूल करतो. १८९३ मध्ये रिचर्ड विथ या कप्तानानं 'वेस्टरोलेन' या आगबोटीनं हा मार्ग सुरू केला. आज दोन कंपन्यांच्या बोटी बर्गनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाऊन परत येतात. बारा दिवस, ३४ बंदरं, आणि सगळीकडे धक्का. कुठे पंधरा मिनिटं थांबते, कुठे तीन-चार तास. माल उतरतो, गावकरी चढतात, आपण खाली उतरून पाय मोकळे करायचे. बोटी लहान, म्हणून वाऱ्याला भिंतही लहान. तरी बंदरं चुकतातच, विशेषतः ऑक्टोबर ते मार्च, आणि तीही बहुधा एकदम वरची, बॅरेंट्स समुद्राला उघडी पडलेली मेहाम, बेर्लेव्होग अशी. बेर्लेव्होगच्या बंदराला टेट्रापॉडचा बांध आहे, आपल्या मरीन ड्राइव्हवर आहेत तसले चार पायांचे काँक्रीटचे राक्षस. मी गेलो तेव्हा मार्च होता. बांधाबाहेर बोट हळू झाली, दिवे दिसत होते, आणि मग नाक वळवून पुढे निघाली. माझ्या शेजारी एक गावकरी बसला होता, पायाशी नव्या बूटांचं खोकं. त्यानं घरी फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि पुन्हा डोळे मिटले. आता तो पुढच्या बाट्सफ्योर्डला उतरणार होता. शेवटची एसटी चुकलेला आपला माणूस इतका शांत नसतो.

या मार्गाचं खरं बलस्थान वेगळंच आहे. जाताना रात्री लागलेली बंदरं येताना दिवसा लागतात. म्हणजे चुकलेल्या बंदराला बहुतेक वेळा दुसरी संधी असते. चौतिसातली दोन गेली तरी जेवणाच्या टेबलावर कुणी त्याबद्दल बोलत नाही. हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश बघायला गेला असाल तर तो डेकवरूनच चांगला दिसतो, गावच्या दिव्यांपासून लांब. उलट बाजूही सांगतो: या बोटीवर नाट्यगृह नाही, जुगारखाना नाही, रात्री दोन वाजता क्रेनचा आवाज येतो, आणि पोट हलकं असणाऱ्यांना स्टाड, हुस्टाडविका, व्हेस्टफ्योर्ड असे उघडे टप्पे जड जातात. बाकीचा बराचसा रस्ता बेटांच्या आडोशानं आहे.

त्याच किनाऱ्यावर मोठं क्रूझ घेतलं तर गणित बदलतं. आठवड्याच्या सफरीत बंदरं साधारण चार-पाच, म्हणजे एक गेलं की पाचवा हिस्सा गेला. उन्हाळ्यात आतल्या फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाड्यांमधली, बंदरं तशी भरवशाची. फ्लॉमला धक्का आहे. गैरांगरला मोठी जहाजं नांगरावर उभी राहतात, पण खाडीच्या पोटात इतक्या आत की समुद्राची लाट तिथवर पोचत नाही. आपल्याकडे उघड्या हर्णैपेक्षा आत वळलेल्या खाडीतली फेरी सुरक्षित, तसंच. धोका वाढतो तो लोफोटेन बेटं आणि नॉर्डकॅपचा कडा बघायला वर सरकलं की. नॉर्डकॅपची गंमत अशी की होनिंग्सव्होगला धक्का आहे, जहाज लागतं, बसनं तुम्ही ३०७ मीटर उंच कड्यावर पोचता, आणि पुष्कळदा ढगाच्या आत उभे असता. बंदर रद्द झालेलं नाही, त्यामुळे परत काहीच मिळत नाही. अशा रद्द झालेल्या देखाव्यांचा हिशेब कुठल्याच करारात नसतो.

मोठ्या जहाजाच्या बाजूनं एक महत्त्वाचा मुद्दा आहे. नॉर्वेत एक बंदर बंद झालं तर काही तासांवर दुसरं असतं. हवामान बिघडल्याचं दोन दिवस आधी दिसलं तर कंपनी अदलाबदल करू शकते. मार्चमध्ये मात्र मोठ्या जहाजानं तिथे जाण्याचा सल्ला मी काकांना दिला नाही. २३ मार्च २०१९ ला 'व्हायकिंग स्काय' ट्रोम्सोहून दक्षिणेला स्टाव्हांगरकडे येत होतं. वादळामुळे बोडोचा थांबा आधीच रद्द झालेला. हुस्टाडविकात इंजिनं बंद पडली, वंगणतेलाची पातळी कमी होती आणि जहाज लोळत होतं. १३७३ माणसांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरनं एकेक करून उचललं. मग जहाज स्वतःच्या बळावर मोल्दे बंदरात आलं. अशी घटना विरळा. पण उघडा टप्पा म्हणजे काय, हे नकाशापेक्षा ती नीट सांगते.

आइसलँड आणि ग्रीनलँड पत्रकात एकत्र येतात, स्वभाव अगदी वेगळे. आइसलँडमध्ये आकुरेरी लांबलचक फ्योर्डच्या टोकाला, आडोशाला, धक्का असलेलं. ते सहसा मिळतं. हैमाए बेट मिळालं तर नशीब समजा. १९७३ मध्ये तिथे ज्वालामुखी फुटला, लाव्हा बंदराचं तोंडच बुजवायला निघाला होता, लोकांनी समुद्राचं पाणी मारून मारून तो थिजवला. बंदर वाचलं, उलट जास्त आडोशाचं झालं, पण तोंड अरुंद राहिलं. जोराच्या वाऱ्यात मोठं जहाज त्यातून घालणार कोण! पूर्वेकडच्या फ्योर्डांचं धुकं तर त्या देशात प्रसिद्धच आहे.

ग्रीनलँडमध्ये बंदर गेलं की त्याच्या जागी काहीच येत नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट आणि पत्रकात ती कुठेच नसते. तिथे गावं गावांपासून लांब, रस्त्यानं जोडलेली नाहीत, हजार-दोन हजार प्रवासी घेऊ शकतील अशी तर बोटांवर मोजण्याइतकी. एक चुकलं म्हणजे थेट समुद्रावरचा दिवस. काकोर्तोक, नानोर्तालिक, इलुलिसात या सगळ्यांपुढे मोठ्या जहाजांसाठी 'टेंडर' लिहा. त्यात बर्फ. आर्क्टिकमधून सुटलेला समुद्री बर्फ पूर्व किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर खाली येतो आणि टोकाला वळसा घालून दक्षिण ग्रीनलँडच्या गावांपुढे जमतो. तिकडे त्याला 'स्तोरिस' म्हणतात, मोठा बर्फ. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो जास्त, ऑगस्टपर्यंत बराचसा ओसरतो. याच बर्फामुळे प्रिन्स क्रिश्चन साउंड, शंभरेक किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना हिमनद्या लोंबणारा अरुंद जलमार्ग, ज्याचा फोटो पाहून माणसं ही सफर घेतात, तो बंद असतो. मग जहाज केप फेअरवेलला बाहेरून वळसा घालतं. जगातल्या सर्वांत वाऱ्याच्या समुद्रांपैकी तो एक. म्हणजे आतला शांत दिवस गेला, आणि बदल्यात डुलणारी रात्र.

तरीही काकूंनी पत्रकं बघून एकच वाक्य टाकलं होतं, "माका बरफ बघूचो आसा." हे वाक्य निर्णायक आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तरंगता बर्फ नाही. उबदार प्रवाहामुळे तिथली बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत. काकोर्तोकला मला गाव मिळालं नाही, पण त्याच्या आदल्या दिवशी डेकवरून पाहिलेला निळा हिमनग, घराएवढा, आतून फुटल्याचा आवाज करत हळूच कलंडला. त्यासाठी बंदर लागलं नाही.

स्वालबार्ड म्हणजे ७८ अंश उत्तरेवरची नॉर्वेची बेटं. तिथे लहान, मोहिमेची जहाजं घ्यावीत. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेशच नाही, आणि त्या भागांत उतरायच्या जागाही ४३ ठरवून दिल्यात. मोठं क्रूझ 'स्वालबार्ड' म्हणून विकत असेल तर तुम्ही प्रामुख्यानं लाँगयिअरब्येन हे तिथलं मुख्य गाव बघणार, हे समजून पैसे द्या. लहान जहाजावर बंदर रद्द होण्याचा प्रश्नच जवळजवळ उरत नाही, कारण बंदरं आधी सांगितलेलीच नसतात. सकाळी मोहिमेचा प्रमुख वारा, बर्फ बघतो आणि ठरवतो. किनाऱ्यावर अस्वल दिसलं तरी उतरणं रद्द. अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर लांब राहायचं असा नियम आहे. हवामान तेच, पण कुणी रुसत नाही, कारण कुणी यादी दिलेलीच नव्हती. अडचण अशी की किंमत डोळे फिरवणारी, आणि किनाऱ्यावर उतरायचं ते रबरी बोटीतून, गमबूट घालून, गुडघाभर पाण्यात. काकूंचा गुडघा इथे आडवा आला.

अलास्काही काकांच्या गठ्ठ्यात होतं. बराच मार्ग बेटांच्या आतून, जूनो-केचिकन-स्कॅगवेला धक्के, बंदर चुकण्याची भीती या सगळ्यांत कमी. हिमनदीही दिसते. पण जूनो ५८ अंशावर. काकांना मध्यरात्रीचा सूर्य हवाय. शिवाय अमेरिकेचा व्हिसा नाही. गठ्ठ्यातून बाजूला.

महिना आपल्या घरच्या पंचांगानं ठरतो. हापूसचा शेवटचा पेटारा जाईपर्यंत जून उजाडतो, आणि गणपतीला घरी नसणं हे काकांच्या कल्पनेतच बसत नाही. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे हातात जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर, आपल्याकडच्या होड्या वर ओढलेल्या असतात नेमके तेच दिवस. मध्यरात्रीचा सूर्य हवा तर जून-जुलैत नॉर्वे. ग्रीनलँडसाठी ऑगस्टचे पहिले तीन आठवडे: स्तोरिस ओसरलेला, आणि सप्टेंबरची वादळं अजून सुरू व्हायची. धुकं तेव्हाही असतंच, मी खाऊन आलोय.

पैशांचं काकांना स्पष्ट सांगितलं. बंदर चुकल्याची भरपाई म्हणून बहुतेक कंपन्या बंदराचा कर तेवढा जहाजावरच्या खात्यात टाकतात. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या माणसाकडून घेतलेली सहल त्याच्या मर्जीवर. "जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा" असं त्यानं लिहून दिलं असेल तरच आगाऊ द्या. टेंडरच्या बंदरात बाहेरची सहल मी तरी घेत नाही. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, जो ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा असतो तो आजारपणासाठी आहे, चुकलेल्या बंदराला तो काही देत नाही. त्यासाठी पॉलिसीत वेगळं कलम आहे का ते बघावं लागतं.

आणि व्हिसा. आपल्या पासपोर्टवाल्यांना ही गोष्ट गोऱ्या प्रवाशांचे सल्ले वाचून कधीच कळणार नाही. ग्रीनलँड शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्कच्या वकिलातीकडून व्हिसावर ग्रीनलँडसाठी वेगळा शेरा लागतो. स्वालबार्डही शेंगेनबाहेर, म्हणून नॉर्वेतून जाऊन परत यायचं तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. पर्यायी बंदर म्हणून जहाज कधी लेरविक किंवा कर्कवॉलला गेलं तर ते ब्रिटन. तो व्हिसा नसेल तर सगळे उतरतील आणि तुम्ही डेकवरून हात हलवाल.

काकांना मी टपालबोटीकडेच ढकलत होतो. काकूंनी ऐकलं नाही. शेवटी ऑगस्टची आइसलँड-ग्रीनलँड ठरली, निदान एका बंदरात मुक्काम असलेली, म्हणजे पहिल्या दिवशी टेंडर बंद राहिलं तर दुसरा दिवस हाताशी. बयाणा भरण्याआधी एजंटाला एकच काम सांगितलं होतं, प्रत्येक बंदरापुढे धक्का की टेंडर लिहून आण. त्याला दोन दिवस लागले. सातांपैकी चार टेंडर निघाली, त्यात काकोर्तोक. काकांना ते नाव आपलंच वाटतं, म्हणून तेवढं मिळावं अशी इच्छा आहे. कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "चार गेली तरी तीन हत," आणि काकूंचा गुडघा दाखवायला त्यांना घेऊन कणकवलीच्या गाडीत बसले.